टोड लेनवरचं दुकान आणि उधारीची वही

भांडाराच्या सभेआधी हे लिहायचं होतं. जरा लांबलंय, सवडीने वाचा.

इंग्लंडात मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचं गाव आहे. फ्लॅनेल विणणाऱ्यांचं. 1840 च्या दशकात तिथल्या विणकरांची अवस्था फार वाईट होती. यंत्रमागांनी हातमागाचं काम खाल्लं होतं आणि मजुरीवाढीची मागणी फसली होती. दुकानदारीचं म्हणाल तर पिठात खडू, पावात तुरटी, चहात दुसरीच पानं, ही त्या काळच्या इंग्लंडातली नेहमीची गोष्ट. वर काही ठिकाणी मालकाचंच दुकान असायचं आणि मजुरी तिथंच खर्चावी लागायची. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने परत!

या गावातल्या काही जणांनी आठवड्याला दोन-दोन पेन्स बाजूला टाकायला सुरुवात केली. एक पौंडाचा एक शेअर. तेवढे जमायला महिनोन् महिने गेले. शेवटी 28 सभासद आणि 28 पौंड भांडवल झालं. टोड लेन नावाच्या गल्लीत 31 नंबरच्या गोदामाचा तळमजला वर्षाला 10 पौंड भाड्याने घेतला आणि 21 डिसेंबर 1844, शनिवारी रात्री आठ वाजता दुकान उघडलं.

माल किती होता? आजच्या मापात सांगायचं तर साधारण 300 किलो गव्हाचं पीठ, 25 किलो साखर, 13 किलोच्या आत-बाहेर लोणी, एक पोतं ओटचं पीठ आणि दोन डझन मेणबत्त्या. बस्स. आपल्याकडच्या एखाद्या लग्नघरातसुद्धा याहून जास्त सामान पडलेलं असतं. गिरणीतली टवाळ पोरं दाराशी जमून खिदळत होती, असं वर्णन होलिओकने लिहून ठेवलंय. सुरुवातीला दुकान फक्त सोमवारी आणि शनिवारी संध्याकाळी उघडायचं, कारण चालवणारे सगळे दिवसभर आपापल्या कामावर. विक्रीला सॅम्युअल अ‍ॅशवर्थ, एकोणीस वर्षांचं पोरगं. गल्ल्यावर विल्यम कूपर. दिवसभर राबून आलेली माणसं रात्री तागडी धरायची.

सहकाराच्या प्रत्येक भाषणात ही गोष्ट येते, तुम्हीही ऐकली असेल. पण भाषणात जे येत नाही, ते मला सांगायचंय.

हे रॉचडेलमधलं पहिलं सहकारी दुकान नव्हतं. त्याच गल्लीत 1833 मध्ये असंच एक दुकान निघालं होतं आणि दोनच वर्षांत बसलं. का? उधारीने. सभासद म्हणजे घरचीच माणसं, नाही कसं म्हणणार? माल जात राहिला, पैसे आले नाहीत आणि घाऊक व्यापाऱ्याला द्यायला गल्ल्यात काही उरलं नाही. त्या फजितीत हात पोळलेले काही जण 1844 च्या मंडळीत होते. म्हणून दुसऱ्या खेपेला त्यांनी नियम घातला: रोख द्या, माल न्या. सभासदालाही उधार नाही.

हा नियम गरिबाला किती जड गेला असेल, याचा विचार करा. कित्येक सभासद बाजारातल्या दुकानदारांचे आधीच देणेकरी होते. तिथलं खातं बंद केल्याशिवाय इकडे यायची सोय नव्हती. म्हणजे शेअर भरलेला, पण स्वतःच्याच दुकानात पाऊल टाकता येत नाही! तरीही त्यांनी नियम सैल केला नाही. मला विचाराल तर माप चोख आणि भेसळ नाही, याइतकंच श्रेय या कडक रोखीला आहे.

दुसरी गोष्ट नफ्याची. कोणी किती शेअर घेतले यापेक्षा कोणी किती खरेदी केली, त्या प्रमाणात नफा वाटायचा. मत मात्र माणशी एकच. आणि बायकांनाही सभासद होता यायचं, तेही विवाहित बाईच्या नावावर मालमत्ता ठेवायला तिथला कायदा मान्यता देत नव्हता त्या काळात.

1845 च्या अखेरीस 74 सभासद, 181 पौंड भांडवल, 710 पौंडांची विक्री आणि नफा 22 पौंड. फार काही नाही. पण दुकान चालू होतं. 1849 मध्ये गावातली बचत बँक अफरातफरीत बुडाली तेव्हा लोक आपली शिल्लक घेऊन या विणकरांकडे आले. पाच वर्षांत रोखीच्या व्यवहाराने कमावलेली पत ही.

आता आपल्याकडे. मुंबईत 1948 साली नायगावच्या गिरणी कामगारांमधून ‘अपना बाजार’ उभा राहिला. 1962 च्या चीन युद्धाच्या वेळी भाव भडकले, तेव्हा केंद्र सरकारने देशभर ग्राहक सहकारी भांडारांची योजना आणली. सरकारी भागभांडवल आलं आणि भांडारं भराभर निघाली. पण वरून आलेल्या पैशाबरोबर एक सवय लागली. सभासद गिऱ्हाईक झाला. तराजूमागे उभं राहणं हे ‘त्यांचं’ काम ठरलं.

याच्या उलट 1975 च्या पाडव्याला सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायत. बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके (हो, आपले बाबूजीच) ही त्यामागची माणसं. तिथं दुकानच नाही. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ, महिन्याची यादी आधी द्यायची, माल घाऊक येतो आणि संघातलेच लोक, बहुतेक ठिकाणी बायका, कोणाच्या तरी घरी तो वाटून घेतात. हिशेबही त्याच ठेवतात. आगाऊ यादी असल्यामुळे पडून राहणारा माल नाही, दिवाणखाना वापरल्यामुळे भाडं नाही. टोड लेनवाल्यांना हे बघून आनंद झाला असता.

मुद्द्यावर येतो. आपलं भांडार गेलं दीड वर्ष आपण काही जण आळीपाळीने उघडतोय. शेवटचा पगारी माणूस गेल्यानंतर बंदच पडायचं, पण निवृत्त मास्तर, दोन वहिनी आणि कॉलेजातली पोरं उभी राहिली म्हणून शटर वर आहे. आता दोन सूचना आल्यात. एक, जागा मोबाईलच्या दुकानाला भाड्याने द्यावी. दुसरी, विक्री वाढावी म्हणून ओळखीच्या घरांना उधार सुरू करावं.

पहिलीवर मतभेद असू शकतात, भाड्याचा पैसा सोपा असतो हे मलाही कळतं. दुसरीला माझा सपशेल विरोध आहे आणि तो कोणाच्या सचोटीवर शंका म्हणून नाही. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या माणसांना दर महिन्याला रोख जमत नाही, हे खरंच आहे. त्यांच्यासाठी पंचायतीसारखी आगाऊ यादी आणि घरपोच पिशवी करू. ज्यांना एकदम जमत नाही त्यांनी आठवड्याला थोडे-थोडे आधी जमा करावेत, वही मी ठेवतो. पैसे आधी, माल मागून.

सभा रविवारी सकाळी दहाला, भांडारातच. उधारीचा ठराव विषयपत्रिकेत तिसरा आहे, त्यामुळे साडेदहाला येऊन चालणार नाही. आणि मंगळवार, गुरुवार संध्याकाळी सहा ते आठ उभं राहायला अजून दोघं हवेत. तराजू इलेक्ट्रॉनिक आहे, शिकायला पाच मिनिटं लागतात.