विकायच्या घराचं नेपथ्य

"देवघर बेसमेंटमध्ये हलवा, भिंतींवरचे घरच्यांचे सगळे फोटो उतरवा आणि पुढचे दोन आठवडे घरात फोडणी नको." आमच्या रिअल्टरबाईंनी अगदी गोड हसत तीन अटी घातल्या आणि बायकोनं माझ्याकडे पाहिलं. बाई गेल्यावर म्हणाली, "मुलगी दाखवायचाच कार्यक्रम की हा! फक्त इथे पोहेसुद्धा करायचे नाहीत."

गोष्ट २०२३ सालची, शॉमबर्गच्या वेदर्सफील्ड भागातल्या आमच्या घराची. १९९६ मध्ये घेतलेलं, म्हणजे २७ वर्षं राहिलेलं. लेक टेक्ससला, आणि आमच्या दोघांच्याही गुडघ्यांनी जिन्याशी असहकार पुकारलेला. तेव्हा विकायचं ठरलं. बाईंनी सांगितलं, आधी 'स्टेजिंग' करावं लागेल.

आता स्टेज म्हटलं की माझे कान टवकारतात. मंडळाच्या नाटकांचं नेपथ्य मी बरीच वर्षं केलंय. शाळेचं ऑडिटोरियम, रंगवलेल्या तीन फ्लॅट्स, प्रयोगातच अडकणारं दार आणि मध्यभागी आमच्या घरचा तपकिरी सोफा. त्या सोफ्यानं माझ्या बायकोपेक्षा जास्त भूमिका केल्या आहेत. त्यामुळे हा नेपथ्याचा धंदा घरांच्या बाजारात कसा शिरला, ते शोधायची हुक्की आली. आणि शोधता शोधता पोहोचलो कुठे, तर आमच्याच गल्लीत.

आज मॉल आणि हायवेंनी गजबजलेलं शॉमबर्ग १९५६ मध्ये 'व्हिलेज' म्हणून नोंदलं गेलं, तेव्हा वस्ती होती १३० माणसांची. बाकी सगळी जर्मन शेतकऱ्यांची शेतं. ज्यांचं नाव उच्चारताना आपली जीभ अजून अडखळते, तो स्प्रिंगइन्सगुथ रोड त्यांच्याचपैकी एका घराण्याचा. १९५९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. रेडिओवर काउबॉयची गाणी गाणारे बॉब अॅचर गावाचे अध्यक्ष झाले (हो, खरंच, आणि १९७५ पर्यंत राहिले!), आणि मॅसॅच्युसेट्सहून आलेल्या आल्फ्रेड कॅम्पनेली या बिल्डरनं वेदर्सफील्ड बांधायला घेतलं. पुढे १९७१ मध्ये वुडफील्ड मॉल आला, १९७६ मध्ये मोटोरोलाचं मुख्यालय आलं, आणि त्यांच्या मागोमाग आपल्यासारखे इंजिनिअर.

पण शेतातल्या चिखलात उभं राहून शिकागोच्या माणसानं घर का घ्यावं? ना झाड, ना शेजार. अशा वेळी बिल्डर लोकांचं हुकमी अस्त्र म्हणजे मॉडेल होम, नमुन्याचं घर. दोन-चार घरं आधी पुरी करायची आणि ती सजवून ठेवायची. टेबलावर ताटं मांडलेली, मुलाच्या खोलीत पलंगावर बॉल. राहत कुणीच नाही. पण आत येणाऱ्याला वाटतं, मंडळी जरा बाहेर गेली आहेत आणि त्यांच्या जागी आपण असतो तर किती बरं झालं असतं!

ही युक्ती कॅम्पनेलीची नव्हे. लाँग आयलंडवर लेव्हिट कंपनीनं १९४७ पासून घरांचा कारखानाच काढला होता. १९५० च्या त्यांच्या घरात टीव्ही भिंतीतच बसवलेला होता. आणि त्याहून जुना अध्याय आपल्या शिकागोतच आहे. १९३३ च्या जागतिक प्रदर्शनात उद्याची घरं मांडली होती. त्यात जॉर्ज फ्रेड केक यांचं 'हाउस ऑफ टुमॉरो' होतं. बारा बाजूंचं, काचेच्या भिंतींचं, आणि तळमजल्यावर गाडीच्या शेजारी घरचं विमान ठेवायला जागा! १९३३ म्हणजे महामंदीचा तळ. लोकांना घराचे हप्ते झेपत नव्हते आणि रांगा लागत होत्या विमानवालं घर बघायला. (काचेमुळे उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची, हे राहून बघणाऱ्यालाच कळणार. बघून जाणाऱ्याला त्याचं काय?)

प्रदर्शन संपल्यावर रॉबर्ट बार्टलेट या जमीनविक्यानं त्यातली काही घरं १९३५ मध्ये चक्क तराफ्यावर चढवून मिशिगन सरोवरातून इंडियानाच्या बेव्हर्ली शोअर्सला नेली. कशासाठी? तिथले प्लॉट खपावेत म्हणून. त्यातली पाच घरं आजही इंडियाना ड्यून्सच्या वाळूत उभी आहेत. डबे घेऊन आपण सगळे तिथे सहलीला गेलोय आणि त्या गुलाबी घरासमोर फोटोही काढलेत. ती जुनी जाहिरात आहे हे मात्र मला आत्ता कळलं.

राहत्या घरावर हा प्रयोग पहिल्यांदा केला तो सिअॅटलजवळच्या बार्ब श्वार्ट्झ या रिअल्टर बाईंनी, १९७२ मध्ये, असं मानलं जातं. बाई नाटकातल्या. गिऱ्हाइकाला 'तुमचं घर गबाळं आहे' असं तोंडावर कसं सांगायचं? त्यापेक्षा 'आपण रंगमंच सजवू या' म्हणावं, हे त्यांना सुचलं. स्टेजिंग हा शब्द तिथून आला. पुढे १९९४ मध्ये एचजीटीव्ही सुरू झालं, २००४ मध्ये त्यावर 'डिझाइन्ड टू सेल' आलं. २००८ च्या पडझडीनंतर पाट्या लागलेली घरं महिनोन्महिने पडून राहिली, तेव्हा ही चैन गरजेची झाली. आता तर रिकाम्या खोलीचा फोटो काढून कॉम्प्युटरवरच सोफा ठेवतात.

मला यातली एकच गोष्ट खटकली. नव्या घराच्या नेपथ्यात नसलेलं कुटुंब आणून बसवतात. जुन्या घराच्या नेपथ्यात असलेलं कुटुंब उचलून बाहेर ठेवतात. आम्ही २७ वर्षं त्या घराला आमचं केलं होतं. आता उलट पावली जाऊन ते पुन्हा १९५९ च्या मॉडेल होमसारखं करायचं होतं, कोणाचंच नसलेलं.

आणि हे 'कोणाचंच नसलेलं' घर दिसायला नेहमी एकाच प्रकारच्या कुटुंबाचं का असतं? १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग शिकागोत घरांच्या हक्कासाठी मोर्चे काढत होते. काळ्या माणसाला गोऱ्या वस्तीत घर द्यायला नकार मिळायचा. १९६८ मध्ये फेअर हाउसिंगचा कायदा आला. वंश, धर्म, मूळ देश बघून घर नाकारायला बंदी झाली. आपल्याला इथे दारं उघडी मिळाली, त्यामागे त्या मोर्चांमध्ये दगड खाल्लेली माणसं आहेत. पण घर बघायला आलेल्याच्या मनात काय येतं, त्याला कायदा कुठला लावणार?

मी रिअल्टरबाईंना सरळच विचारलं, "शेजाऱ्यांना क्रॉस काढायला सांगाल?" त्या शांतपणे म्हणाल्या, "क्रॉस, हरणाचं मुंडकं, कब्जचा झेंडा, सगळंच काढायला लावते." उत्तर बिनतोड होतं. तरी क्रॉसवाल्या घराला फोडणीचा वास येत नाही, हेही खरंच. पूर्ण पटलं नाही. पण फोटो उतरवले. भिंतीवर त्यांच्या जागी फिकट चौकोन उरले, म्हणून मग रंगाचाही खर्च आला.

सोफा डोनेशनच्या ट्रकमध्ये चढला तेव्हा मी मुद्दाम गराजमध्ये काहीतरी शोधत होतो.

मध्येच शेजारची पोलिश आजी एक छोटी मूर्ती घेऊन आली. सेंट जोसेफ. ही मूर्ती अंगणात डोकं खाली करून पुरली की घर लवकर विकलं जातं, अशी इथल्या कॅथलिक लोकांत समजूत आहे. बायको एकदम हसायलाच लागली. कारण आमच्या वास्तुशांतीला गुरुजींनी वास्तुपुरुष, घरात जमीन खणता येईना म्हणून, मागच्या अंगणात आग्नेय कोपऱ्यात पुरला होता. एक घरात स्थिर व्हावं म्हणून, दुसरा घरातून सुटावं म्हणून! एकाच अंगणात दोघांचं जमेल का, या काळजीनं सेंट जोसेफना आम्ही वायव्येला जागा दिली.

नवव्या दिवशी ऑफर आली. श्रेय कोणाला द्यायचं यावर आमच्याकडे अजून वाद आहे.

क्लोजिंगच्या आदल्या संध्याकाळी भाड्याचं फर्निचर गेलं होतं आणि घर अगदी रिकामं होतं. बायकोनं ठेवून घेतलेल्या एकुलत्या एका पातेल्यात आमटी केली आणि वर मोहरी, हिंग, कढीलिंबाची अशी चरचरीत फोडणी दिली की वरच्या बेडरूमपर्यंत ठसका गेला. पंखा लावला नाही. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून जेवलो.

वास्तुपुरुषाला तिथेच राहू दिलं. तो त्या घराचा. सेंट जोसेफना मात्र काम झाल्यावर उकरून नव्या घरात मानानं ठेवायचं असतं, असं आजींनी बजावलं होतं. त्यामुळे आता टेक्ससला आमच्या देवघरात बाळकृष्णाच्या डाव्या हाताला ते उभे आहेत. लेकीची मुलं त्यांनाही दिवाळीला करंजी दाखवतात.