आश्विनातले घर

कोकणात दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरू लागला, की घरातले पहिले काम निघते ते अंगणाचे. चार महिन्यांच्या धारांनी धुपलेली, शेवाळाने हिरवी पडलेली आणि तणाने माजलेली ती भूमी कुदळीने उकरावयाची, तीवर नवी माती पसरून पाणी शिंपावयाचे, आणि माती जरा ओढली की ओणवे होऊन लाकडी चोपण्याने वितीवितीने ती अशी बडवावयाची, की शेवटी शेणाचा हात फिरला म्हणजे सबंध अंगण हातरुमालासारखे सपाट दिसावे. पावसाच्या अंगाच्या भिंतींना बांधलेले माडाचे झाप त्याच दिवसांत उतरतात, आणि त्यांच्यामागची भिंत जेठापासून प्रथमच उन्हात येते. कुठे माती सुटली आहे, कुठे वाळवीने वाट काढली आहे, कुठल्या वाशाखाली ओघळ उमटला आहे, हे सारे घरधनी त्या दिवशी पाहून घेतो.

शरद ऋतूचे आपल्या गृहजीवनाशी असलेले नाते हे असे आहे. वैदिक वाङ्मयात शरद हा शब्द वर्ष या अर्थानेही येतो. आयुष्य मोजावयाचे ते पावसातून पार पडलेल्या शरदांनी, ही कल्पना ज्या समाजाला सुचली त्याच्या घरांना वर्षाकाल म्हणजे काय हे ठाऊक असलेच पाहिजे. आषाढी एकादशीस चातुर्मास लागला की वास्तुशांत, गृहप्रवेश यांसारखी कार्ये सामान्यतः थांबत. भाद्रपदाच्या वद्य पक्षात, पितृपंधरवड्यात, नवी खरेदी करण्याचा प्रघात नव्हता. या थांबलेल्या काळावर पहिला उतारा म्हणजे विजयादशमी. साडेतीन मुहूर्तांपैकी दीड, म्हणजे दसऱ्याचा पूर्ण आणि बलिप्रतिपदेचा अर्धा, शरदातच येतात. त्या दिवशी पंचांग उघडावे लागत नाही. खरिपाचे धान्य हाती येऊ लागलेले असते, चिखलाने बंद पडलेल्या गाडीवाटा मोकळ्या झालेल्या असतात, आणि व्यापारी पाडव्यास नव्या वह्यांची पूजा करतो. धर्मशास्त्र आणि ऋतुमान यांनी एकमेकांना इतके सांभाळून घेतल्याची उदाहरणे थोडीच असतील.

देशावर या ऋतूचे मुख्य द्रव्य म्हणजे चुना. वाडे बांधण्याच्या काळात चुन्याचा घाणा हे बांधकामाचे हृदयच होते: वर्तुळाकार दगडी चरात चुना आणि वाळू घालून बैलाने फिरविलेल्या जड चाकाखाली ती दळावयाची, आणि चिवटपणासाठी गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी तीत मुरवावयाचे. असा चुना सावकाश धरतो. मुसळधार पावसात तो धुपतो आणि वैशाखाच्या उन्हात अकाली सुकून तडकतो. म्हणून पाऊस संपल्यापासून माघापर्यंतचा काळ गवंड्याच्या दृष्टीने सुगीचा. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी. जुन्नरच्या रानातले सागवान, चिंचवडच्या खाणींचा दगड आणि जेजुरीकडचा चुना त्यासाठी आणल्याचे सांगतात, आणि खर्चाचा आकडा १६,११० रुपये असा दिला जातो. पेशव्यांचे राजगृह असो की सदाशिव पेठेतील चार खणांचे घर, चुना कोणाचीच भीड ठेवीत नसे.

आणि घर बांधून झाले तरी चुना दरवर्षी शरदात परत येई. दिवाळीपूर्वी चुन्याची कळी पाण्यात टाकली की हौद खदखदू लागे; ती निवली म्हणजे फडक्यातून गाळून, चिमूटभर नीळ घालून कुंच्याने भिंतींवर चढवावयाची. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांना ठाऊक आहे, की ओला हात भिंतीवर जवळजवळ दिसतच नाही. सारे श्रम वाया गेले असे वाटून मनुष्य निजतो, आणि सकाळी उठून पाहतो तो भिंत शुभ्र. परंतु जेथे ओल शिरलेली असे तेथला डाग दिवसेंदिवस काळसरच राही. सफेदी ही भिंतीची शोभा तर खरीच, पण मला ती भिंतीची तपासणी अधिक वाटते.

घर विकत घेण्याच्या कामातही पूर्वीच्या लोकांची हीच दक्षता दिसते. खरेदीखतात घराच्या चतुःसीमा नमूद होत: पूर्वेस कोणाचे घर, पश्चिमेस कोणाचा परसू, दक्षिणेस गल्ली, उत्तरेस आणखी कोणाची भिंत. साक्षीस बहुधा तेच शेजारी असत, कारण भिंत कोणाची आणि पन्हळ कोणाच्या आवारात उतरते, हे त्यांच्याइतके कोणासच ठाऊक नसे. पेशवाईत पुणे शहरातील घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद ठेवणे हे कोतवालीच्या कामांपैकी एक होते. पुढे इंग्रजी अमलात मुद्रांक आणि निबंधकाची कचेरी आली, आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याने त्या व्यवस्थेला आजवर टिकलेले रूप दिले. पण चतुःसीमांचा मजकूर दस्तऐवजातून गेला नाही.

मुंबईत मात्र घर म्हणजे पुष्कळ काळ भाड्याची खोलीच होती. गावदेवीत १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहसंस्था काढली, त्या चळवळीने मध्यमवर्गाला मालकीचा मार्ग प्रथम दाखविला, आणि १९६३ च्या कायद्याने बांधकाम व्यावसायिकाकडून सदनिका घेणाऱ्याच्या हक्कांना आकार दिला. दसऱ्याला नव्या सदनिकेची नोंदणी करण्याची आजची रीत ही त्या जुन्या मुहूर्ताचीच सावली होय.

परंतु मुहूर्त राहिला आणि त्याच्यामागची पाहणी सुटली, याची मला मनापासून खंत वाटते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले, तेव्हा जोत्यापर्यंत घडीव दगड आणि वर पांढऱ्या मातीच्या कच्च्या विटा अशा रचनेचे कितीतरी वाडे भिंती विरघळून बसले. बाहेरून ते दगडी दिसत असत. कोणत्या भिंतीच्या पोटात काय आहे हे पाण्याने एका दिवसात उघड केले, आणि हजारो कुटुंबांना त्याचे मोल द्यावे लागले. असा प्रलय नित्य येत नाही. पण प्रत्येक पावसाळा त्याच प्रकारची साक्ष हलक्या आवाजात देऊन जातो.

म्हणून घर घेण्याच्या विचारात असलेल्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. सौदा दसऱ्याला करा, पण घर त्याआधी, भाद्रपद-आश्विनाच्या सांध्यावर, दिवाळीचा रंग चढण्यापूर्वी पाहून या. आजचा तैलरंग चुन्यासारखा ओल दाखवीत नाही, तो तिला महिनोन्‌महिने झाकून ठेवतो. गच्चीखालच्या खोलीचा नैर्ऋत्येचा कोपरा पाहा, खिडकीच्या उंबऱ्याखाली तळहात टेकवून पाहा, आणि शेजारच्या बिऱ्हाडातील कोणा वृद्ध गृहिणीस विचारा, की श्रावणात या भिंतीवरून पाणी कुठून उतरते.