जीवनाखेरचा डूला

मरणासन्न माणसाला आणि त्याच्या घरच्यांना औषधोपचारांपलीकडची सोबत, माहिती आणि धीर देणारी व्यक्ती. बाळंतपणात सोबत करणाऱ्या डूलाच्या धर्तीवर हेन्री फेर्स्को-वाइस यांनी २००३ मध्ये न्यूयॉर्कमधील हॉस्पिसच्या स्वयंसेवकांना या कामासाठी तयार केले. भारतात या कामासाठी सरकारी परवाना नाही.

पुण्याच्या हडपसरमध्ये हे काम बहुधा अनेक हातांत वाटलेले असते. गावठाणात सुना, जावा, शेजारणी आळीपाळीने उशाशी बसतात. मगरपट्टा, अमनोरा या वसाहतींतल्या सदनिकांत मुले परदेशी असली, तर शुश्रूषा ब्युरोकडून आलेल्या बाईवरच सगळी भिस्त. डूलाच्या कामाशी सर्वांत मिळताजुळता नमुना शहराच्या दुसऱ्या टोकाला, वारज्याच्या सिप्ला केंद्रात पाहायला मिळतो. १९९७ पासून तेथे कर्करुग्णांची विनामूल्य उपशामक शुश्रूषा होते. परिचारिका आणि समाजसेविका तेथे रुग्णाइतकेच नातेवाइकांनाही सांभाळतात.

डूलाचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे घरातला अबोला मोडणे. ‘त्यांना काही सांगू नका’ असे मुले डॉक्टरांना विनवतात. वडिलांना बरेचदा सगळे कळलेले असते, आणि मुलांना त्रास नको म्हणून तेही गप्प राहतात. दोन्हीकडची ही माया दोघांनाही एकटे पाडते. कोणाला भेटायचे आहे, शेवटी घरी राहायचे की रुग्णालयात, व्हेंटिलेटर हवा की नको, हे विचारायला डूला धजावतो, आणि उत्तर ऐकायला थांबतो. असे उत्तर लेखी ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा पूर्वनिर्देशाला मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या सहीची अट काढल्यामुळे आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. मात्र हे माणूस शुद्धीवर असतानाच व्हायला हवे, म्हणून डूलाला शेवटच्या आठवड्यात बोलावणे म्हणजे फार उशीर.

अखेरच्या दिवसांत भूक-तहान मंदावते, हातपाय गार पडतात, घशात घरघर लागते. ‘उपाशी कसे ठेवायचे?’ म्हणून घरचे चमच्याने भरवू पाहतात. गिळता येत नसेल, तर तो घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. ओल्या बोळ्याने ओठ भिजवावेत, हे डूला करून दाखवतो. गंगाजलही तसेच ओठांना लावता येते, विधी मोडावा लागत नाही. वेदनाशामक मॉर्फिनची मात्रा ठरवणे हे मात्र डॉक्टरांचे काम. डूलाने त्यात हात घालू नये.

घरी मृत्यू आल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ४-अ नमुन्यात मृत्यूचे कारण लिहून द्यावे लागते. महापालिकेकडे नोंद २१ दिवसांत करायची असते. त्यामुळे घरी येऊन तपासणारा डॉक्टर आधीच ठरवून ठेवायला डूला कुटुंबाला सांगतो.