कारचं काळं प्लास्टिक पांढरं का पडतं? डिझेल न लावता बंपर-क्लॅडिंग साफ करण्याची आणि टिकवण्याची योग्य पद्धत

गाडी धुतली, पत्रा चकाचक झाला, पण खालचा काळा बंपर, चाकावरची पट्टी, आरशाचं बूड आणि वायपरखालची जाळी राखेसारखी दिसते. असं तुमच्याही गाडीचं झालंय का? आजच्या लेखात हे प्लास्टिक पांढरं का पडतं, ते घरी कसं साफ करायचं, त्यावर काय लावायचं आणि काय अजिबात लावायचं नाही, हे सगळं सविस्तर बघू.

आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे हा विषय फक्त दिखाव्याचा का नाही ते कळेल.

एक सौदा कसा मोडला

आम्ही कळवणचे. घरी 2016 ची एक छोटी हॅचबॅक होती. उन्हाळ कांदा निघायच्या आधी नवी कांदाचाळ उभी करायची म्हणून आप्पांनी गाडी विकायचं ठरवलं. इंजिन उत्तम, टायर बरे, पण गाडी कायम अंगणात उन्हात उभी असायची. त्यामुळे बंपर आणि बाजूच्या पट्ट्या पार पांढरट झालेल्या.

सटाण्याहून गिऱ्हाईक येणार होतं. मी एका रीलमध्ये बघितलं होतं की डिझेलचा हात मारला की प्लास्टिक नवं दिसतं. सकाळी फडकं बुडवून सगळीकडे फिरवलं. खरंच काळंभोर झालं! पण ते लोक आले दुपारी चारला. तोवर त्या तेलकट थरावर धूळ बसून ओघळ दिसायला लागले होते. त्यांनी बंपरवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि आप्पांना विचारलं, "दादा, बाहेरून एवढं लपवलंय, मग आतून काय काय लपवलं असेल?"

आप्पांनी आयुष्यात कुणाला फसवलेलं नाही. ते काहीच बोलले नाहीत. सौदा मोडला. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "गाडी जुनी आहे ते सांगायची आपल्याला लाज नव्हती. तू कशाला झाकायला गेलास?"

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला.

हे प्लास्टिक नेमकं असतं कशाचं?

बहुतेक गाड्यांचे बंपर आणि काळ्या पट्ट्या पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी या प्लास्टिकच्या असतात. धक्का सोसावा म्हणून त्यात रबरासारखा पदार्थ मिसळतात आणि ताठपणा यावा म्हणून टाल्क नावाच्या खनिजाची पांढरी पूड घालतात. सुटा बंपर कधी बघायला मिळाला तर त्याच्या आतल्या बाजूला बघा. तिथे कशाचं प्लास्टिक आहे ते कोरलेलं असतं. इंग्रजीत 'पीपी', 'ईपीडीएम' आणि शेवटी 'टी 20' असं काही दिसलं तर त्याचा अर्थ पॉलिप्रॉपिलीन, रबर आणि 20 टक्के टाल्क. अक्षरं नीट दिसत नसतील तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढा आणि झूम करा.

या प्लास्टिकवर रंग नसतो, वरून क्लिअर कोट नसतो. पत्र्याला रंगाचं कवच असतं, हे प्लास्टिक मात्र थेट उन्हाच्या तोंडी.

मग पांढरं का पडतं?

शेतकऱ्याच्या पोराला हे पटकन कळेल. ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात? त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी मिसळलेली असते. ती उन्हातले अतिनील किरण शोषून घेते आणि प्लास्टिक वाचवते. आणि बांधावर चार उन्हाळे पडून राहिलेलं रंगीत क्रेट? हाताने दाबलं की कडकन तुटतं. अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटतात, हवेतला ऑक्सिजन तुटलेल्या जागी जोडला जातो आणि प्लास्टिक ठिसूळ होतं.

गाडीच्या प्लास्टिकमध्येही काजळी आणि उन्हापासून वाचवणारी रसायनं घातलेली असतात. पण वर्षानुवर्षं उन्हात राहून वरच्या थरातला त्यांचा साठा कमी होतो. मग तीन गोष्टी घडतात:

1. वरच्या थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात. त्यांवर प्रकाश विखुरतो आणि काळा रंग राखाडी दिसतो.
2. वरचं प्लास्टिक झिजून आतली टाल्कची पांढरी पूड उघडी पडते. बोट फिरवलं की खडूसारखं लागतं ते हेच.
3. खडबडीत पृष्ठभागात धूळ, जुनं पॉलिश आणि पाण्यातले क्षार अडकून बसतात.

तिसरं कारण धुऊन जातं. पहिली दोन जात नाहीत, फक्त झाकता किंवा लांबवता येतात. कुठलीही बाटली "कायमचं नवं" करत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

मोबाइलच्या हवामान अॅपमध्ये 'यूव्ही इंडेक्स' असतो, तो बघितलाय कधी? 3 च्या पुढे त्वचेला संरक्षण हवं, 8 ते 10 खूप जास्त आणि 11 च्या पुढे अतितीव्र. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हा आकडा 11 च्या आसपास किंवा वर जातो. आपण टोपी घालतो, गाडी तशीच उभी असते.

आधी दोन मिनिटांची तपासणी

- बोट चाचणी: कोरडं बोट फिरवा. पांढरी पूड आली तर प्लास्टिक झिजलंय. तेलकट लागलं तर आधीचं काहीतरी बसलंय.
- पाणी चाचणी: ओलं केल्यावर काळं झालं आणि वाळल्यावर परत राखाडी, तर चांगल्या ड्रेसिंगने फरक पडेल. ओलं असतानाही पांढरे डाग दिसले तर ते क्षार, पॉलिश किंवा खोल झीज आहे.
- फोटो: सावलीत, फ्लॅश न वापरता, एकाच जागेवरून आधीचा आणि नंतरचा फोटो काढा. फिल्टर लावू नका, नाहीतर स्वतःचीच फसवणूक.

लागणारं सामान

दोन बादल्या, कार शाम्पू, ऑल पर्पज क्लीनर (एपीसी), मऊ ब्रश (जुना मऊ टूथब्रशही चालतो), तीन-चार मायक्रोफायबर कापडं, हातमोजे. कोटिंग करणार असाल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते पेट घेतं, म्हणून विडी-सिगारेट आणि चुलीपासून लांब ठेवा.

साफ करण्याची पद्धत

1. गाडी सावलीत घ्या. प्लास्टिक हाताला गार लागलं पाहिजे. तापलेल्या बंपरवर क्लीनर लगेच वाळतो आणि त्याचेच डाग पडतात. सकाळची वेळ उत्तम.

2. आधी नुसतं पाणी मारा. कोरडं फडकं फिरवू नका. धुळीतले खडे शेजारच्या रंगावर ओरखडे पाडतात. प्रेशर वॉशर असेल तर निदान फूटभर लांब धरा. बंपरमधल्या गोल पार्किंग सेन्सरवर झोत रोखू नका. 1 जुलै 2019 पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झालेत, म्हणजे तुमच्याही बंपरमध्ये ते असू शकतात.

3. शाम्पूने धुवा. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत कापड खळबळायला साधं पाणी.

4. आता खरं काम. एक भाग एपीसी आणि दहा भाग पाणी असं मिश्रण करा (बाटलीवर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा). एका वेळी हातभर जागा घ्या, ब्रशने गोल-गोल घासा, मिनिटभरात धुऊन टाका. फेस काळपट-पिवळट निघेल. तो पांढरा निघेपर्यंत हे परत करा. माझं डिझेल निघायला तीन वेळा घासावं लागलं!

5. हट्टी डाग.

- *वाळलेलं पॉलिश:* काळ्या प्लास्टिकवरच्या पांढऱ्या रेघा बहुतेक वेळा याच असतात. स्वच्छ, पांढरं खोडरबर हलकं घासून बघा, मग एपीसी.
- *बोअरचं पाणी:* त्यातले क्षार पांढरे ठिपके सोडतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन कापडाने लावा, मिनिटभराने भरपूर पाण्याने धुवा.
- *फवारणीचे शिंतोडे:* द्राक्ष-डाळिंबाच्या बागेजवळ गाडी लावली की बोर्डो मिश्रणाचे निळसर ठिपके बसतात. त्यात मोरचूद आणि चुना असतो. हातमोजे घाला, आधी पाण्याने भिजवा, मग वरचाच व्हिनेगरचा उपाय.
- *दसऱ्याची हळद-कुंकू:* त्याच संध्याकाळी ओल्या कापडाने पुसा. हळदीचा राहिलेला डाग ऊन लागून फिका पडतो, पण तेलात कालवलेलं कुंकू खाचांत बसतं. पुढच्या वेळी पूजा बॉनेटच्या रंगीत भागावर करा, तोही नंतर धुवा.

6. पूर्ण वाळू द्या. खडबडीत प्लास्टिक आणि फटींमध्ये पाणी लपून राहतं. पुसल्यावरही दोन-तीन तास द्या.

आता त्यावर काय लावायचं?

बाजारात तीन प्रकार मिळतात.

ड्रेसिंग: सर्वात सोपं आणि स्वस्त. यातलं वॉटर-बेस्ड घ्या. कापडावर थोडं घ्या, लावा, दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून काढा. पुसलं नाही तर धूळ चिकटते. काही आठवडे टिकतं, पावसाळ्यात त्याहून कमी.

रंग असलेला ट्रिम रिस्टोअरर: खूप पांढऱ्या पडलेल्या प्लास्टिकसाठी. यात काळा रंग असतो, काही महिने टिकतो. शेजारच्या पत्र्याला आधी मास्किंग टेप लावा.

सिरॅमिक ट्रिम कोटिंग: महाग, पण नीट लावलं तर वर्षभर किंवा जास्त टिकू शकतं. लावण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समान घेऊन पुसायचं, कारण तेलाचा अंश राहिला तर ते धरत नाही. लावल्यावर जास्तीचं लगेच पुसा, नाहीतर डाग तिथेच पक्का होतो. साधारण 24 तास पाणी लागू देऊ नका. प्लास्टिक अजून काळं आहे तेव्हाच हे करणं सर्वात फायद्याचं. नव्या गाडीवाल्यांनो, हे तुमच्यासाठी!

कुठलंही असो, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा. काच, वायपर, ब्रेक डिस्क आणि टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर जाऊ देऊ नका. पार्किंग सेन्सरच्या चकतीवर जाड थर नको. बाइक-स्कूटरच्या मडगार्डलाही हीच पद्धत चालते, पण सीट, फुटरेस्ट आणि ग्रिपला ड्रेसिंग लावलं तर पाय-हात घसरतील.

या 'जुगाड' टिप्सपासून लांब राहा

- डिझेल, रॉकेल: भेगांत तेल भरतं म्हणून काळं दिसतं. मग धूळ चिकटते, आणि शेजारचं रबर तेलाने फुगून खराब होऊ शकतं.
- खोबरेल किंवा गोडेतेल: तेच, वर काही दिवसांनी चिकट थर आणि वास.
- बूट पॉलिश: पहिल्या पावसात ओघळतं, कपड्यांना लागतं.
- हीट गन किंवा लायटर: वरचा थर वितळून काही काळ काळा दिसतो. पॉलिप्रॉपिलीन सुमारे 160 अंश सेल्सिअसला वितळतं आणि हीट गनची हवा त्याच्या दुप्पट-तिप्पट तापते. हात जरा थांबला की खडबडीत नक्षी गेली, ती परत येत नाही.
- थेट स्प्रे पेंट: या प्लास्टिकला रंग सहज धरत नाही. खास प्लास्टिक प्रायमरशिवाय मारला तर पापुद्रे सुटतात.

रोजची काळजी

सर्वात स्वस्त कोटिंग म्हणजे सावली. झाड, शेड, नाहीतर शेतातल्या शेडनेटचा उरलेला तुकडा. गाडी रोज एकाच बाजूने उभी करू नका. आमची डावी बाजू जास्त पांढरी होती, कारण दुपारचं ऊन कायम तिकडूनच यायचं. पावसाळ्यात नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढून आलात की खालच्या क्लॅडिंगवरचा चिखल वाळण्याआधी पाणी मारा. महिन्यातून एकदा शाम्पू आणि हलकं ड्रेसिंग पुरे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भांडी घासायच्या लिक्विडने धुतलं तर चालेल का? एखाद्या वेळी जुनं ड्रेसिंग काढायला चालेल. रोज नको, पत्र्यावरचं वॅक्सही निघून जातं.

प्लास्टिकला तडे गेलेत, काय करू? डोळ्यांना दिसणारे तडे असतील तर कुठलंच द्रव्य उपयोगाचं नाही. तो भाग बदला.

सेकंडहँड गाडी घेताना काय बघू? प्लास्टिक फारच चमकत असेल तर कोरडं बोट फिरवा. तेलकट लागलं तर मालकाला सरळ विचारा. आम्हाला विचारलं होतं तसं!

मग आमच्या गाडीचं काय झालं?

एक अख्खा रविवार घालवून मी सगळं डिझेल काढलं, वॉटर-बेस्ड ड्रेसिंग लावलं. गाडी नवी दिसली नाही, नीट सांभाळलेली जुनी दिसली. पुढचं गिऱ्हाईक देवळ्याचं होतं. आप्पांनी चावी देतानाच सांगितलं, "काळ्या प्लास्टिकला पोराने औषध लावलंय, महिन्याभराने परत लावावं लागेल. डावी बाजू उन्हाने जास्त गेलीय." त्यांनी बोट फिरवलं, हसले आणि इंजिन बघायला पुढे गेले. मागितलेल्या किमतीपेक्षा थोडं कमी झालं, पण सौदा त्याच दिवशी झाला. चाळ कांदा निघायच्या आधी उभी राहिली. ड्रेसिंगची उरलेली अर्धी बाटली आम्ही गाडीसोबतच देऊन टाकली.

माहिती उपयोगी वाटली तर डिझेलचा बोळा हातात घेतलेल्या मित्राला हा लेख लगेच पाठवा.