एका विशेषणाचा तह

तहनाम्यांत बहुधा प्रांत, खंडणी आणि बंदरें यांचीं बोलणीं असतात. परंतु २६ जून १८५८ रोजीं तिएन्त्सिन येथें इंग्रज व चिनी वकिलांनीं ज्या तहावर सह्या केल्या, त्याचें ५१ वें कलम केवळ एका अक्षराविषयीं आहे. यापुढें इंग्रज सरकारास वा त्याच्या प्रजेस उद्देशून चिनी सरकारी कागदांत ‘यी’ हें अक्षर योजूं नये, असा त्याचा आशय. इंग्रजी मजकुरांत त्याचा अर्थ ‘बार्बेरियन’, म्हणजे रानटी, असा दिलेला आहे.

प्राचीन चिनी ग्रंथांत पूर्वेकडील परक्या लोकांस ‘यी’ म्हणत. पुढें तो शब्द परकीयमात्रास लागूं लागला. त्यांत तुच्छतेचा अंश मुळींच नव्हता, असें म्हणणें धाडसाचें होईल. आपल्याकडील ‘यवन’ शब्द आठवावा : मुळांत तें आयोनियन ग्रीकांचें नांव, पुढें त्याला कोणता रंग चढला, हें वाचकांस ठाऊकच आहे. चीनचे मांचू राज्यकर्ते स्वतःच ‘यी’ म्हणून हिणवले जात. तेव्हां युंगचेंग बादशहानें १७३० च्या सुमारास एक ग्रंथच छापविला, आणि ‘यी’ हा केवळ जन्मभूमीचा निर्देश होय, असा त्यांत युक्तिवाद केला.

१८३२ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीचे लिंडसे ‘लॉर्ड ॲमहर्स्ट’ जहाजानें शांघायास गेले असतां याच अक्षरावरून तेथील अधिकाऱ्याशीं त्यांचा वाद झाला. अधिकाऱ्यानें मेन्शियसचा आधार दिला : पुण्यश्लोक शुन राजाही पूर्वेकडील ‘यी’च होता! लिंडसे यांचें समाधान झालें नाहीं. १८३४ मध्यें कॅंटनच्या अधिकाऱ्यांनीं लॉर्ड नेपियर यांस ‘यी-मू’ म्हटलें. ‘मू’ म्हणजे डोळा, तसाच नायकही. पण इंग्रजींत ‘रानटी डोळा’ असें विचित्र भाषांतर झालें, आणि ‘परकीयांचा नायक’ हा सरळ अर्थ मागें पडला. अज्ञानामुळें असें झालें म्हणावें, तर भाषांतर करणारे चिनीचे चांगले जाणते होते. माझ्या मतें येथें कोशापेक्षां व्यापाराचा हिशेबच अधिक बोलत होता. (त्या व्यापारांतील माळव्याची अफू मुंबई बंदरांतून जात असे, हें आपणांस विसरतां येत नाहीं.)

त्याच तहाच्या ५० व्या कलमानें, मतभेद झाल्यास इंग्रजी मजकूर प्रमाण, असें ठरलें. म्हणजे चिनी अक्षराचा अर्थ सांगण्याचा अधिकारही इंग्रजीकडे गेला. १८६२ मध्यें पेकिंग येथें परभाषा शिकविणारी ‘तुंगवेन क्वान’ ही सरकारी शाळा निघाली, ती याच अडचणींतून. सरकारी कागदांत ‘यी’ च्या जागीं ‘यांग’, म्हणजे समुद्रापारचे, हें अक्षर रुळलें. मात्र दरबाराच्या अंतर्गत दप्तरांत जुनी संवय सुटली नाहीं : १८८० मध्यें तुंगची बादशहाच्या कारकीर्दींतील परराष्ट्रीय कागदांचा जो संग्रह सिद्ध झाला, त्याच्या नांवांतच ‘यी’ आहे.