छात्राध्यापकांच्या वाचन-साहाय्यविषयक धारणा

वाचनात मागे पडणाऱ्या मुलांना शिकवण्याबाबत प्रशिक्षणार्थी शिक्षकांच्या समजुती, अपेक्षा व आत्मविश्वास यांचा समुच्चय.

उगम : भावी शिक्षकांच्या धारणा त्यांनी विद्यार्थिदशेत पाहिलेल्या अध्यापनातून घडतात, असे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये मांडले. ॲल्बर्ट बँडुरा यांच्या स्वक्षमतेच्या संकल्पनेवर (१९७७) आधारित शिक्षकांसाठीची मापनश्रेणी गिब्सन व डेम्बो यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली (पहा : स्वक्षमता).

स्वरूप : या धारणांत तीन घटक येतात : अडचणीचे मानलेले कारण, मुलाच्या प्रगतीची अपेक्षा आणि स्वतःच्या अध्यापनक्षमतेवरील विश्वास. कारणमीमांसेनुसार उपाय बदलतो. उदा., मूल ‘प्रकाश’ हा शब्द ‘परकाश’ असा वाचते. हे दुर्लक्ष मानणारा छात्राध्यापक पुन्हा वाचायला लावतो, जोडाक्षराची अडचण मानणारा ‘प्र’, ‘क्र’, ‘ग्र’ यांचा स्वतंत्र सराव घेतो, घरच्या बोलीतील उच्चार मानणारा आधी अर्थाचे आकलन तपासतो (पहा : जोडाक्षर, बोली).

महत्त्व : कमी वाचता येणारी मुले कमी वाचतात व अंतर वाढत जाते, असे कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये प्रतिपादिले, त्यामुळे सुरुवातीच्या इयत्तांतील शिक्षकाचा दृष्टिकोन निर्णायक ठरतो. भारतात दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, तर ‘निपुण भारत’ अभियान (२०२१) पायाभूत वाचनाशी संबंधित आहे. डी.एल.एड. व बी.एड. अभ्यासक्रमांतील आंतरवासितेत या धारणा प्रत्यक्ष वर्गात पडताळून पाहता येतात (पहा : अध्यापक प्रशिक्षण, वाचन-अक्षमता).