भास्कर चंदावरकर : गाणारी भिंत

वरणगाव म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरीचं गाव. आवाजाची ताकद इथे आम्ही काय सांगणार! चंदावरकर (१९३६–२००९) सतार शिकले रविशंकरांकडे, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकवलंही. पण आपण थांबू या १६ डिसेंबर १९७२ला, पुण्यात. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग. रंगमंचावर माणसांचीच भिंत. तीच गाते, नाचते आणि मागे चाललेलं पाप झाकते. चंदावरकरांनी तिच्या तोंडी कीर्तनाशेजारीच लावणी ठेवली. हात जोडावेत की ओशाळावं, कळेना! १९ प्रयोगांनंतर नाटक थांबलं. भांडण नाना फडणविसांवरून झालं, पण आमच्या मते खरा डंख त्या गोड सुरांत होता. थिएटर अकॅडमीनं १९७४मध्ये ते पुन्हा उभं केलं, १९८०मध्ये युरोपला नेलं. तिथे मराठी कुणाला येत होतं? भिंत मात्र ऐकू आली.